मी मोलकरी ठरेन का, मावशी?

हे पत्र इंदूरचंच आहे, म्हणजे माझ्याच गावचं, त्यामुळे नाव, गल्ली, मंडळी सगळं गाळून थोडक्यात सांगते. बाई पंचेचाळीशीच्या, नवरा पीथमपूरला शिफ्टमध्ये, मुलगी बारावीत, सासूबाई आठ महिने लकव्याने अंथरुणावर. चर्चच्या मंडळीत घरोघर भेटी द्यायचं काम तीन वर्षं यांच्याकडेच, अडतीस घरं. कोण आजारी, कोणाकडे भांडण, कोण तीन रविवार उपासनेला दिसलं नाही, सगळं यांच्या फोनवर. त्या लिहितात, "परवा भांडी घासताना फोन वाजला आणि वाटलं हा फोन त्याच खरकट्या पाण्यात सोडून द्यावा. मग बाथरूममध्ये गेले, नळ चालू केला आणि रडले. पाळक साहेब म्हणतात उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी जीव देतो आणि मोलकरी लांडगा बघून पळतो. मी काम सोडलं तर मी मोलकरी ठरेन का?" अजून दोन गोष्टी लिहिल्यात. एक बाई रोज रात्री अकराला फोन करते, नवरा पितो, तासभर तेच तेच बोलते, आणि मागच्या आठवड्यात म्हणाली आता जगून तरी काय करायचं. आणि तरुण संघातला एक मुलगा दिवाळीपासून येत नाही, या त्याला रोज वचन पाठवत होत्या, त्याने ब्लॉक केलंय.

अगं, मोलकरी, म्हणजे मजुरीवर मेंढरं राखणारा, नळ चालू करून रडत नाही. तो मस्त झोपतो. योहानाच्या १० व्या अध्यायात तो का पळतो ते लिहिलंय की, त्याला मेंढरांची काळजी नसते म्हणून. तुझी भानगड नेमकी उलटी आहे, त्यामुळे तो शब्द स्वतःला लावून घेऊ नकोस, आणि कोणी लावला तर मला त्याचं नाव कळव, मी बघते.

पण तुझ्या डोक्यात मेंढपाळाचं जे चित्र आहे ना, ते कॅलेंडरवरचं आहे. आपल्या सगळ्यांच्या घरी असतं ते, पांढरा झगा, खांद्यावर कोकरू, मागे सूर्य मावळतोय आणि माणूस एकटा. माझ्या आईकडे तर एकाच भिंतीवर तशी दोन होती, एक चालू वर्षाचं आणि एक जुनं, चित्र चांगलं म्हणून ठेवलेलं. आता खरा मेंढपाळ सांगते. उज्जैनला जाताना सांवेरच्या पुढे एकदा आमची गाडी अर्धा तास अडकली, राजस्थानी रेबाऱ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. ते लोक आपल्याकडे माळव्यात चाऱ्यासाठी येतात ना, उंटावर उलटी खाट बांधलेली, खाटेच्या पायात हंडा अडकवलेला, आणि एका झोळीतून कोकराचं तोंड बाहेर, बहुतेक त्याच रात्री जन्मलेलं असावं, कान अजून ओलसर. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि मी माणसं मोजत होते. एक म्हातारा पुढे, दोघं बाजूला, एक पोरगा अगदी मागे लंगड्या मेंढ्यांबरोबर, बायका उंटांबरोबर पुढच्या मुक्कामाकडे निघालेल्या. सात माणसं मोजली मी, आणि दिसली नाहीत ती वेगळी. अशी बरीच कुटुंबं मिळून चालतात, त्याला ते डांग म्हणतात आणि जो सगळं ठरवतो तो नंबरदार. आपल्या धनगरांचे वाडेही असेच चार-पाच घरं मिळून निघतात. एकटा माणूस एवढा कळप घेऊन कुठेच जात नाही गं, रात्री डोळा लागला की संपलं.

आणि हे कळायला तुला-मला राजस्थानपर्यंत जायची गरज नव्हती, होळकरांच्या गावात राहतो आपण, मल्हारराव (१६९३ ते १७६६) धनगराच्याच घरातले, लहानपणी मेंढ्या राखायचे असं सांगतात. राजवाड्यासमोरून हजार वेळा गेलो पण त्या धंद्याबद्दल कधी कोणाला काही विचारलं नाही आणि रविवारी मेंढपाळावर तासभर ऐकतो!

नाताळाची गोष्ट काढ. लूकचा २ रा अध्याय. त्यात मेंढपाळ रात्री कळप राखत होते असं आहे, 'होते', एकटा 'होता' नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथे रात्रीचे पहारे असा शब्द आहे, म्हणजे कोणी जागायचं आणि कोणी झोपायचं हे वाटून घेतलेलं असणार. देवदूत आला तेव्हा निम्मे तरी घोरत असतील असं मला नेहमी वाटतं, आणि त्यांनाही बातमी मिळालीच की. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त हेच खटकलं, अडतीस घरांचे सगळे पहारे तूच देतेयस, तीन वर्षं झाली, तुझी झोपायची पाळी आलीच नाही.

तू म्हणशील की येशूच्या गोष्टीत नव्व्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकाच्या मागे जाणारा तर एकटाच होता. हो, पण ते नव्व्याण्णव कोणाच्या भरवशावर सोडले? गोष्टीत सांगितलेलं नाही, पण ऐकणाऱ्यांच्या घरी मेंढ्या होत्या, त्यांना ते सांगायची गरज नसावी, दुसरे राखणारे असतातच. असं मला वाटतं, पंडित लोक काय म्हणतात ते त्यांचं त्यांना.

आता काम. निर्गम १८ आज रात्री काढून वाच, मोठ्याने वाच, नवरा ऐकेल असं वाच. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसलाय आणि सासरा इथ्रो येऊन बघतो आणि सरळ म्हणतो की हे तू करतोयस ते ठीक नाही, तूही थकशील आणि हे लोकही थकतील. "लोकही थकतील" हे आपण वाचतच नाही. रांगेत उभे राहून लोक थकतात गं, तुझ्या फोनची वाट बघूनही थकतात. मग तो हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला सांगतो. अडतीस घरं म्हणजे दहा-दहाची चार माणसं, तू धरून. हिशोब झाला.

पण कोणी पुढे येत नाही, हे तू म्हणणारच. उपासनेनंतर माइकवरून "ज्यांना सेवा करायची इच्छा आहे त्यांनी नाव द्यावं" म्हटलं की सगळे चपला शोधायला लागतात, मी चाळीस वर्षं बघतेय. माइक सोड. घरी जा, नावाने माग आणि छोटं माग. जो काका रिटायर झालाय आणि स्कूटर घेऊन नुसता छप्पन दुकानला खायला चकरा मारतो त्याला म्हण, हॉस्पिटलमध्ये कोणी असेल तेव्हा डबा तुम्ही न्यायचा, फक्त डबा, प्रार्थना नाही केली तरी चालेल. ज्या बाईला बोलता येत नाही पण ऐकता येतं तिला दोन म्हाताऱ्या दे. तिसऱ्या कोणाला फक्त एवढंच, दर रविवारी कोण आलं नाही ते वहीत लिहायचं. आणि मग, हे अवघड आहे बरं का, त्यांनी केलेलं तुझ्यासारखं झालं नाही तरी गप्प बसायचं.

इथे माझी फजिती सांगते, म्हणजे मी फार शहाणी आहे असं वाटायला नको. मी नर्स होते, रिटायर झाल्यावर अंगात जोर होता, तर एका एकट्या राहणाऱ्या आजोबांना दर गुरुवारी डबा न्यायचे. दोन वर्षं. वांग्याची भाजी, तिखट आमटी, वरून इंदूर आहे म्हणून सेव. दारात डबा द्यायचा, उभ्या-उभ्या प्रार्थना करायची, मागच्या गुरुवारचा रिकामा घ्यायचा आणि पुढच्या घरी. एक दिवस पाऊस लागला म्हणून थांबले आणि खालचा चौकीदार म्हणाला, बाईजी, बैंगन बहुत अच्छे बनाती हो आप. दोन वर्षं डबा तो खात होता! आजोबांना अल्सर, तिखट चालायचंच नाही, मला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत, डबा धुवून ठेवायचे बिचारे. आणि मी नर्स, एकदाही विचारलं नाही की पोट कसं आहे. मग त्या दिवशी बसले तर कळलं की त्यांना मोतीबिंदूमुळे पेपर वाचता येत नव्हता, नई दुनिया रोज यायचा आणि तसाच गठ्ठ्यात जायचा. त्यांना पाहिजे होतं कोणीतरी पेपर वाचून दाखवणारं. त्यानंतर मी डबा बंद केला आणि वीस मिनिटं पेपर वाचायचे, हेडलाइन, मग क्रिकेट, मग कोण वारलं ते. मला कमी कष्ट आणि त्यांना जास्त सुख. तुझ्या अडतीस घरांत असे किती डबे चौकीदार खातोय हे एकदा बघ, अर्धं काम तिथेच गळेल.

आता त्या रात्रीच्या फोनबद्दल, आणि इथे मी मावशी म्हणून नाही, नर्स म्हणून बोलतेय. "जगून काय करायचं" हे ऐकल्यावर प्रार्थना कर, जरूर कर, पण तेवढ्यावर फोन ठेवायचा नाही. तिला उद्याच, रात्री अकराची वाट न बघता, दिवसा घरी जाऊन स्पष्ट विचार, मरायचे विचार येतात का, कसं करायचं ते काही ठरवलंय का. विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे डॉक्टरही सांगतात. हो म्हणाली आणि काही ठरवलेलं असेल तर तिला एकटं सोडायचं नाही, घरातल्या गोळ्या, औषधं, फवारणीचं काही असेल ते उचलायचं, ११२ किंवा १०८ लावायचा आणि कॅज्युअल्टीला न्यायचं. तेवढं नसेल तरी १४४१६ हा नंबर तिच्या फोनमध्ये तू स्वतः सेव्ह करून दे, टेलि-मानस म्हणून सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, हिंदीत बोलतात, पैसे लागत नाहीत. पहिला फोन तिच्या शेजारी बसून लाव. नवरा हात उचलत असेल तर १८१, ती बायकांची हेल्पलाइन. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे गटही असतात, चौकशी कर. आणि तिला सांग की ताई, हे मी एकटीने पोटात ठेवणार नाही, पाळक साहेबांना आणि तुझ्या बहिणीला सांगावं लागेल. पण, ऐक, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'एका भगिनीसाठी प्रार्थना' असं टाकायचं नाही. अडतीस घरांत एका तासात नाव फुटतं. प्रार्थनेच्या नावाने जेवढ्या चुगल्या होतात तेवढ्या सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बारालाही होत नसतील.

रात्री अकराचा तास मात्र तुझ्याकडून जायलाच पाहिजे. तिला दिवसाची वेळ दे, अकरा ते साडेअकरा सकाळी, सासूबाई झोपतात तेव्हा, आणि ती वेळ पाळ.

मुलगा. तू त्याला रोज वचन पाठवत होतीस, तुला वाटलं ही काळजी, त्याला वाटलं पाळत. पाळक आणि पाळत, ऐकायला एकाच घरचे शब्द वाटतात आणि फरक किती. २३ व्या स्तोत्रात दावीद म्हणतो ना, तुझी आकडी आणि काठी मला धीर देतात, तर मला लहानपणी वाटायचं आकडी म्हणजे मानेत अडकवून ओढायची. त्या काळी काय करत असतील ते असो, पण आपल्याकडे ज्याच्या हातात आकडी असते तो ती वर घालतो, बाभळीची फांदी वाकवतो आणि पाला मेंढराच्या तोंडाशी आणतो. मेंढराला हातही लावत नाही. तर आता वचन नको. त्याच्या एखाद्या मित्राकडून एकच निरोप दे, रविवारी नाही, एखाद्या शनिवारी सकाळी पोहे-जलेबी खायला भेटू, चर्चबद्दल एक शब्द बोलणार नाही. आणि खरंच बोलायचं नाही! तो का गेला ते माहीत आहे का तुला? पत्रात तू तारीख लिहिलीस, कारण नाही लिहिलंस. माझा अंदाज, कोणीतरी काहीतरी बोललंय त्याला, नोकरीवरून नाहीतर मुलीवरून. तो आला नाही तर नाही आला. याकोब आपल्या भावाला, एसावला, जे म्हणतो, उत्पत्ति ३३, ते मला फार आवडतं, की माझ्याबरोबर लहान पोरं आहेत, दुभती जनावरं आहेत, एक दिवस जास्त हाकललं तर सगळा कळप मरेल, तू पुढे हो, मी यांच्या चालीने हळूहळू येतो. याकोब तसा लबाड माणूस, पण हे बोलणं खऱ्या मेंढपाळाचं. दिवाळीपासून रुसलेल्या पोराची चाल आत्ता तेवढीच आहे.

आणि "जीव देतो" बद्दल. पाळक साहेब कदाचित सिस्टर राणी मारियाचं उदाहरण देत असतील, आपल्याकडे सगळेच देतात आणि द्यावंच. केरळची बाई, उदयनगरला आदिवासींमध्ये राहिली, त्यांना सावकाराच्या कर्जातून सुटायला, एकत्र उभं राहायला शिकवलं, म्हणून २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये तिला भोसकून मारलं. २०१७ मध्ये इथेच इंदूरला तिला धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. तिच्या बहिणीने त्या मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली, हे वाचून मी त्या दिवशी जेवले नव्हते. पण नीट बघ, तिचा जीव दुसऱ्यांनी घेतला, आणि का घेतला, तर ती लोकांना स्वतःच्या पायावर उभं करत होती. झोप मोडून, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाऊन, नवऱ्याशी बोलणं टाकून संपणं याला जीव देणं म्हणत नाहीत. तो जीव कोणाला मिळतच नाही ना.

सासूबाईंबद्दल तू एक ओळ लिहिलीस. अडतीस घरांबद्दल दोन पानं आणि घरातल्या बाईबद्दल एक ओळ. मी रागावत नाहीये, बाहेरच्या दुखण्याला लोक वाहवा म्हणतात आणि घरातल्या दुखण्याला कोणी बघतही नाही, हे मला माहीत आहे. पण मला सांग, आठ महिन्यांत मंडळीतून तुझ्या घरी भेटीला कोण आलं? तू भेटींची प्रमुख, म्हणजे तुझं घर यादीतच नाही. उद्या वहीत एकोणचाळिसावं घर लिही, तुझं, आणि ते दुसऱ्याला वाटून दे. प्रेषितांच्या कृत्यांच्या २० व्या अध्यायात पौल इफिसच्या वडिलांना सांगतो की स्वतःकडे आणि कळपाकडे लक्ष द्या, आणि त्यात 'स्वतःकडे' आधी आहे. जी बाई येईल तिला चहा करून द्यायचा नाही. तिला बस म्हणायचं सासूबाईंजवळ आणि तू दोन तास झोपायचं. लाज वाटेल, वाटू दे.

पाळक साहेबांना पुढच्या आठवड्यात भेट, नवऱ्याला घेऊन जा, आणि सोडते असं म्हणू नकोस, म्हण की मला दहाच घरं जमतील, बाकीच्यांसाठी ही तीन नावं, मी त्यांच्याशी बोलून आलेय. ते ना-ना करतील. त्यांनाही झोप लागत नसणार, त्यांच्या बायकोला विचार.

आणि आज संध्याकाळी सासूबाईंचं अंग पुसशील तेव्हा टाचा, माकडहाड आणि कंबरेची बाजूची हाडं उजेडात बघ, कुठे लाल दिसलं तर बोट दाबून बघ, दाबल्यावर पांढरं झालं नाही तर जखमेची सुरुवात आहे, डॉक्टरला दाखव. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री नवरा घरी असेल तर एक पहारा त्याचा. जेवण उशा लावून बसवूनच, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. एवढं झालं की मला लिही, आणि तो मुलगा आलाच तर त्याने नुसते पोहे खाल्ले की जलेबीही घेतली तेही लिही.